सात नंबरची काठी

चिखलोली, दि. ५ एप्रिल २०२५

महेशदादा, नाताळपासून तुला फोन केला नाही, त्याची आधी माफी मागते. आजाराचे निमित्त नव्हते. "हाताला सलाईन आणि डोक्यात गोल्फ" असे तू म्हणालास, ते लागले होते. मृत्युपत्रात कुणी माफी मागत नाही हे माहीत आहे. पण हा कागद सगळ्यांत आधी तूच उघडशील, म्हणून इथेच लिहिते.

मी, रोहिणी विनायक शेलार, वय ४६, व्यवसाय शिक्षिका, हे मृत्युपत्र कुणाच्याही दडपणाशिवाय, पूर्ण शुद्धीवर आणि खरे सांगायचे तर अतिशय आनंदात लिहीत आहे. बुधवारी माझ्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आहे. केमोचे सगळे डोस पार पडले, गाठ निम्म्याहून लहान झाली. तरीही कागद केलेला बरा. आनंदात लिहिलेले मृत्युपत्र कायद्याने चालते का, असे वकिलांना विचारले. ते हसले आणि हो म्हणाले.

कलम १. चिखलोलीतील माझी सदनिका माझी भाची तेजस्वी हिला. खिडकीतून नवे स्टेशन दिसेल असे बिल्डर सांगत होता. अजून गवतच दिसते. त्याबद्दल मला दोष देऊ नये.

कलम २. बँकेत उरेल ते आणि आईच्या पाटल्या दादा-वहिनींना. वहिनींनी पाटल्या लॉकरमध्ये न ठेवता हातात घालाव्यात. सोसायटीचे सेक्रेटरी राजेश यांना काही नाही, फक्त कबुली: गच्चीवरची त्यांची कुंडी मांजराने नव्हे, मी फोडली. सराव चालू होता.

कलम ३. माझ्या एकवीस रोजनिश्या कुणी वाचू नयेत. माझी मैत्रीण पुतळी हिचे सासरे धर्मराजबाबा यांच्या शेतातल्या राबात त्या जाळाव्यात. याला कारण आहे.

पुतळी आगिवले बारवी धरणाकडच्या वाडीतली. नोव्हेंबरात केमोच्या वॉर्डात तिची खुर्ची माझ्या शेजारी होती. तिचे शेवटचे डोस चालू होते, माझा पहिला. मी रडत होते. तिने माझी छत्री उचलली आणि मूठ माझ्या मोकळ्या हातात दिली. "बाय, रडून सुई लवकर सुटत नाय. ही धर. अंगठा खाली." एका गोल्फच्या मैदानावर तिने नऊ वर्षे गवत कापले होते, बघून बघून शिकली. तिथे फेकून दिलेली एक वाकडी काठी तिच्या घरी होती.

भात कापून रिकाम्या झालेल्या त्यांच्या शेतात आम्ही चेंडू पाडायला रंगाचे पाच रिकामे डबे पुरले. प्रत्येक डोसनंतर अंगात जरा जीव आला की मी तिथे जायचे. जानेवारीत पुतळीला खूश करावे म्हणून मी तिसऱ्या डब्याभोवतीचा पाला, शेण, वाळक्या फांद्या ओढून बांधाजवळ पेटवून दिल्या. धर्मराजबाबा धावत आले. "मास्तरीनबाय, ह्यो कचरा नाय, आमचा राब हाय! त्याच्यावं जमीन भाजतो, मंग रोपं येतात. आता काय तुज्या पोरांचे पेपर जालू?"

इतकी शिकलेली मी, आधी विचारले का नाही? हा प्रश्न अजून सुटलेला नाही. पुढचे दोन महिने, ताकद असेल त्या दिवशी, पुतळीबरोबर रानातून टहाळ आणला. ती भारा आणायची, मी एक फांदी. पण मला पुन्हा भूक लागू लागली. आमची मैत्री खरी झाली ती त्या फांद्या ओढताना. म्हणून रोजनिश्या राबात. पेपर नाहीत, पण कागद तर आहेत.

कलम ४. उल्हासनगर कॅम्प १ मधल्या जुन्या सामानाच्या दुकानातून मी घेतलेली सात नंबरची काठी पुतळीला. (दुकानदार म्हणाला होता, "मॅडम, पर्दे के लिए भी चलेगी.") हे कलम रद्द. कारण लिहिते.

पाचव्या डब्याच्या आधी ओढा आहे. पाच महिन्यांत माझा एकही चेंडू पलीकडे गेला नव्हता. काल गेला! ओढ्यातल्या दगडावर आपटल्याचा आवाज येईना, म्हणून मी डोळे मिटूनच उभी. पुतळी ओरडली, "गेला गं, गेला! पल्याड गेला!" धर्मराजबाबा बैल सोडून बघायला आले. "आता पल्याडवाल्यांचा राब जालू नको म्हंजे झाला."

त्या भरात मी पुतळीला हे कलम वाचून दाखवले. ती म्हणाली, "मेल्यावर देनार? मंग मी खेलू कुनाशी?"

मी समजावले, वकिलांच्या मते ज्याला काही मिळायचे त्याने साक्षीदार नसलेले बरे, तर सही दुसऱ्या कुणाची घेते.

"मंग मला काय बी नको. सही मीच करनार. तू शुदीवर हायस, ह्ये मला ठाव. वकिलाला काय ठाव?"

काठी देताना मी उदार होत होते, की निघायची तयारी करत होते? आज सकाळभर विचार केला आणि रेघ मारली. माझ्या पश्चात काठी कुणालाही नाही.

कलम ५. अंमलबजावणी दादाने करावी. घाई करू नये.

माझ्यासमक्ष आणि एकमेकींसमक्ष सह्या करणाऱ्या साक्षीदार:
१. पुतळी देऊ आगिवले (सही. तीनदा गिरवून.)
२. निशा तलरेजा, शेजारीण (सही. "रोहिणी, ये वसीयत है या मॅच का हाल?")

रोहिणी विनायक शेलार (सही)
चिखलोली, ५ एप्रिल २०२५, दुपार

उद्याचे काम: सकाळी वाडीवर जाऊन काठी पुतळीकडे ठेवणे, परत घेण्याच्या बोलीवर.