दोन उशा

दादा,

हे पत्र तुझ्या हाती द्यायची माझी छाती होणार नाही. आत तुझ्या मानेचं ऑपरेशन चालू आहे, तीन तास झाले.

मणक्यांच्या आजाराने तुझा कणा बांबूसारखा कडक झालाय आणि मान वीस वर्षं पुढे वाकलेली आहे, हे मला काय माहीत नव्हतं? तरी तू बाथरूममध्ये पडलास आणि तुला पलंगावर आणलं, तेव्हा मी तुझ्या नेहमीच्या दोन्ही उशा ओढून काढल्या. वर म्हणालो, "आता तरी सरळ झोप!" मानेत कट्‌कन आवाज झाला आणि तुझी बोटं हलायची थांबली.

डॉक्टरांनी विचारलं, "मान सरळ कोणी केली?"

तूच म्हणालास, "मीच काढल्या उशा."

डॉक्टर म्हणाले, "होती तशीच वाकलेली ठेवून स्क्रू बसवू. सरळ करायला जायचं नसतं."

मग ते माझ्याकडे बघत राहिले. तुझे खांदे त्यांनी आधीच तपासले होते. दादा, दहा वर्षांत तुझा हात डोक्यापर्यंत पोचलेला नाही.

रोज तुझे केस विंचरणारा,
धाकटा