धामापूरच्या मांगराचे शेवटचे कलम

मी, नर्मदा दत्ताराम मयेकर, वय अडुसष्ट, अविवाहित, धंदा पूर्वी मालवणच्या कचेरीसमोर टायपिंग व सध्या नाटक, राहणार धामापूर, तालुका मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने टाइप करून ठेवते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. मन मात्र सकाळपासून जाग्यावर नाही. येत्या शुक्रवारी गोव्याच्या एका इस्पितळात माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. असता तर हे काम एव्हाना उरकले असते. यापूर्वी केलेली दोन्ही मृत्युपत्रे मी रद्द करते, कारण ती रागात केली होती.

आयुष्यभर मी दुसऱ्यांची मृत्युपत्रे टाइप केली. त्यातून दोन गोष्टी शिकले. खाडाखोड केलेला कागद कोर्टात अडकतो. आणि एकाच कागदातली दोन कलमे एकमेकांविरुद्ध गेली, तर नंतरचे कलम खरे धरतात. म्हणून मी काही खोडणार नाही. मत बदलले तर पुढे लिहीन. वाचणाऱ्याने कृपा करून शेवटपर्यंत वाचावे.

कलम १. वडिलोपार्जित घरातल्या माझ्या वाटणीच्या दोन खोल्या आणि रस्त्यालगतचा काजूचा तुकडा माझा पुतण्या विनीत सत्यवान मयेकर याला द्यावा. विनीतला खरे तर मांगर हवा आहे. पर्यटकांसाठी तिथे खोल्या काढायच्या, न्हाणीघरात नळ बसवायचे, असे त्याने मला मोबाइलवर चित्र काढून दाखवले. चित्र बरे होते. त्याने ते काजूच्या तुकड्यात बांधावे. पोरगा वाईट नाही, फक्त त्याला रिकामी जागा दिसली की चैन पडत नाही.

कलम २. मांगर. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहिते, की ही बागेच्या टोकाची चिऱ्याची लांबट इमारत. पूर्वी तिथे गुरे असत आणि वर गवत. वाटणीत ती माझ्याकडे आली तेव्हा सत्यवान, म्हणजे माझा थोरला भाऊ, हसला होता. मी शेण काढले, जमीन चोपली आणि त्यात नाटक सुरू केले. नवे नाटक, आमचे आम्ही बांधलेले. आधी कोणी लिहून आणत नाही. ज्याने त्याने वाडीत ऐकलेले एक खरे वाक्य घेऊन यायचे आणि त्यावरून प्रवेश उभा करायचा. हा सगळा मांगर, आतल्या बाकड्यांसह, उभे राहिलेले प्रवेश लिहून काढणारी आमची लेखिका आणि नटी आकांक्षा कुबल, राहणार देवबाग, हिला द्यावा.

इथे थांबून मी उठले होते. आत ‘खारी विहीर’ या नव्या नाटकाची तालीम चालू आहे आणि आमचा नट सिद्धेश भरलेली कळशी रिकाम्या कळशीइतक्या सहज खाली ठेवतो आहे. सांगून आले. पुन्हा तसेच करतो आहे.

कलम ३. ‘खारी विहीर’चा पहिला प्रयोग ऑपरेशननंतरच्या आठवड्यात शनिवारी आहे. मी असो वा नसो, तो व्हावा. सुतक माझ्या भावाच्या घराला लागेल, मांगराला नाही. मला नेताना हिरवे लुगडे नेसवू नये, ते दुसऱ्या प्रवेशात लागते. या नाटकाला अजून शेवट सापडलेला नाही. विहिरीचे पाणी खारे झाल्यावर म्हातारी वाडी सोडते की सोडत नाही, यावर महिनाभर भांडण चालले आहे. मी सोडत नाही या बाजूची. आकांक्षा गप्प बसते.

कलम ४. हे कलम मिळकतीचे नाही, पण याच्यामुळेच मला झोप नाही, म्हणून लिहिते.

नव्या नाटकाच्या आधी आम्ही मांगराच्या दारात नारळ ठेवून आई भगवतीला गाऱ्हाणे घालतो. एकाने मागायचे, बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे. गावात सगळीकडे घालतात तसेच. पण आमचा एक जादा कायदा आहे. पहिल्या नाटकाच्या वेळी, लोक बाकड्यांवर बसलेले असताना, आमचा दिवेवाला बाबली ‘व्हय’ म्हणेना. विचारले तर म्हणाला, “वायर उघडी आसा आणि बांबू ओलो आसा. व्हय कसा म्हणू?” त्याने वायर गुंडाळेपर्यंत सगळे थांबले. तेव्हापासून ठरले, की मंडळीतला एकही माणूस गप्प राहिला तर ते गाऱ्हाणे उणे, ते लागू होत नाही.

त्या पहिल्या नाटकात बायका भांडी घासता घासता बोलत. सत्यवान दशावतारात राजाचे काम करणारा. तो मध्येच उठला आणि दारातून सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाला, “ह्यां कसला नाटक गो? राजा नाय, राक्षस नाय. भांडी तर आमच्या घराकडेय घासतत.” ही गोष्ट मी विसरलेले नाही. पुढे तो प्रत्येक नाटकाला आला, पण दाराशीच बसला, मनात आले की जाता यावे म्हणून.

गेल्या वर्षी गाऱ्हाण्याच्या दिवशी माझा घसा बसला होता. मागायला चांगला आवाज हवा, म्हणून सत्यवानला उभे केले. त्याने नेहमीचे सगळे मागितले, आणि मग मांगर माणसांनी भरलेला बघून त्याला भरून आले. तो म्हणाला, “आणि आमच्या ह्या आकांक्षाक ह्यो मांगर सोडून खंय जावची बुद्धी देव नको गो आई.” सगळे म्हणाले, “व्हय म्हाराजा.” आकांक्षाही म्हणाली. मीही म्हटले. बसलेल्या घशाने म्हटले, तरी सत्यवान आजही सांगतो, “तुझोच आवाज मोठो होतो.” तो माझ्या शेजारीच उभा होता.

यंदा आकांक्षाला मुंबईच्या एका नाट्यशाळेने दोन वर्षांसाठी निवडले. जानेवारीत जायचे आहे, होकार या महिन्यात कळवायचा आहे. ती जात नाही.

“जा गो,” मी म्हटले.

“खंय जातलंय, मावशी? आईसमोर व्हय म्हटलंय.”

“सवयीन म्हटलंस.”

“आणि तुमी? तुमीय सवयीन म्हटल्यात?”

मी सत्यवानकडे गेले, म्हटले, तुझे गाऱ्हाणे मागे घे. तो गोठ्यात होता. त्याचा चेहरा उतरला. “मी बऱ्यासाठी मागलंय गो,” तो म्हणाला. “घातलेला गाऱ्हाणा मागे घेवक येणा नाय. एक जरी गप ऱ्हवलो आसतो, तर लागला नसता.” मग तो म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

कलम ५. टाइपरायटर बाबलीला द्यावा. त्याला टाइप करता येत नाही, पण त्याने तो इतक्या वेळा दुरुस्त केला आहे की आता तो निम्मा त्याचाच आहे.

कलम ६. सत्यवानला मी काही देत नाही. आमच्या वकीलबाई रश्मी कांबळी म्हणाल्या, ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार करू नये. मला तो साक्षीदार हवा आहे. पण सुतक नसेल तर ‘खारी विहीर’चे गाऱ्हाणे त्यानेच घालावे. मी लिहून ठेवले आहे, त्यात एक शब्द जास्त घालू नये. आणि पहिल्या रांगेत बसावे. दाराशी वारा लागतो, आता त्याचेही वय झाले.

पुन्हा उठले. चहा ठेवला, तो उतू गेला. आत आकांक्षा म्हातारीचे बोलणे करून बघते आहे. ती उंबरठ्यापर्यंत येते आणि थांबते. सिद्धेश विचारतो, पुढे? ती म्हणते, माहीत नाही. मी खिडकीतून बघत होते. गेले महिनाभर मी ओरडून सांगते आहे, म्हातारी राहते, म्हातारी राहते. माझे मलाच ऐकू आले आणि लाज वाटली.

कलम ७. वर कलम २ मध्ये दिले आहे त्यात बदल. मांगर आकांक्षाला देऊ नये. मला वाटले होते मी तिला जागा देते आहे. ती जागा तिच्या गळ्यातले दावे झाली असती. मांगर बाबली आणि सिद्धेश यांना दोघांत मिळून द्यावा. त्यांनी तिथे नाटक करावे, नाही जमले तर गुरे बांधावी. अट घालत नाही. अट घालण्याची हौस आता पुरे झाली.

कलम ८. आकांक्षा कुबल हिला माझी तपकिरी सूटकेस द्यावी. मी ती विशीत असताना सावंतवाडीच्या बाजारातून घेतली. मुंबईला जाऊन नाटकात काम करायचे होते. मग आई आजारी पडली, मग कचेरीसमोरचे काम लागले, मग मी कारणे शोधायची सोडून दिली. मला कोणी अडवले नव्हते, हे खरे सांगते. सूटकेसमध्ये आम्ही दाढ्या-मिशा ठेवतो, त्या आधी काढून घ्याव्या. कुलूप चांगले आहे. तिने ती नेऊन वापरावी, आठवण म्हणून माळ्यावर टाकू नये. माझा तिच्यावर फार जीव आहे. तिला हे तोंडाने कधी सांगितले नाही, फक्त ओरडत आले.

कलम ९. मी पूर्ण शुद्धीवर, विचार करून आणि सही करण्यापूर्वी दोनदा वाचून लिहून देते, की गेल्या वर्षीच्या गाऱ्हाण्यात आकांक्षाबद्दलचे मागणे मागितले गेले, त्या वेळी मी ‘व्हय म्हाराजा’ म्हटले नाही. मी गप्प होते. सबब मांगराच्या कायद्याप्रमाणे ते गाऱ्हाणे उणे राहिले, ते लागू झाले नाही, आणि आकांक्षावर त्याचे कोणतेही बंधन नाही. कलम ४ मध्ये याविरुद्ध काही आढळल्यास, सुरुवातीस सांगितल्याप्रमाणे नंतरचे कलम खरे धरावे. याबद्दल आई भगवतीपुढे जाब द्यावा लागला, तर तो मी एकटी देईन. ती जबाबदारी वारसांकडे जाणार नाही.

हे कलम माझ्या मरणाची वाट न बघता आजच आकांक्षाला वाचून दाखवावे. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असा कायदा नाही. तरी सत्यवानने सही करण्याआधी एवढे एक कलम वाचावे, आणि त्याला पटले तरच सही करावी. नाही केली तर मी रागावणार नाही. म्हणजे रागावेन, पण बोलणार नाही.

येणेप्रमाणे लिहून, समजून, सही केली आहे.

ठिकाण: धामापूर, मांगराची पडवी
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२५

(सही) नर्मदा दत्ताराम मयेकर

साक्षीदार:

१. (सही) डॉ. चंदन राऊळ, राहणार धामापूर. लिहून देणार यांना मी आज तपासले. त्या पूर्ण शुद्धीवर आहेत. रक्तदाब वाढलेला आहे, त्यांनी आता तालमीत जाऊन ओरडू नये.

२. (सही) सत्यवान दत्ताराम मयेकर, राहणार धामापूर. शेवटचा कलम वाचलंय. त्या दिवशी मी तिच्या बाजूकच उभो होतंय. नर्मदा गप होती.