कूलरच्या खिडकीतली कुंभारीण

४ एप्रिल
लिही स्वाती. आडवी पडूनच लिही. डॉक्टरीणबाईंनी नववा सरत येईस्तोवर पलंग सोडू नको म्हणून बजावलंय, आणि आमच्या नातसुनेला पलंग चावतो. म्हणून ही वही. मी सांगायचं, तिनं लिहायचं. मला अक्षर येत न्हाय, पण ओळी मोजता येतात. एवढं बोलले आणि चारच ओळी? कामचुकार.
साडेसात महिने झाले. मागच्या खेपेला पाचव्यातच... ते नको.

५ एप्रिल
खिडकीत कुंभारीण आलीय. बारीक कमरेची, मातीची घरं बांधणारी माशी. चिखलाची गोळी आणते, लावते, जाते. काम करताना गुणगुणते. मोरीजवळची ओल वाळली तर हिनं चिखल कुठला आणायचा? तांब्याभर पाणी ओतलं. सून ओरडली, "अवो आत्या, नळाला पाणी पाच दिसांनी येतंय, आन् तुमी माशीला पाजताय व्हय!" म्हणलं, मंगल, बाळंतीण हाय ती.
कुंभारणीनं घर बांधलं की पाळणा हलतो म्हणतात. मी काय म्हणत न्हाय.
(सकाळपासून तीनदा म्हणाल्या. – स्वा.)

७ एप्रिल
दोन घरं झाली, तिसऱ्याचा पाया. हिरव्या अळ्या आणून आत कोंबते. अंडं आणि त्याचा शिधा. मग तोंड बुजवते. मी जन्मभर विड्या वळल्या, विडीचं तोंड मुडपायचं कसब मला कळतं. कारखान्यात हिची एक विडी खराब म्हणून छाटात गेली नसती.
स्वा. तीनदा उठली. तिला वाटतं म्हातारीला दिसत न्हाय. मोतीबिंदू काढलाय म्हणावं.

९ एप्रिल
तिन्ही घरं बंद. निघून गेली. मी दुपारभर वाट बघितली, वेड्यासारखी. शिधा भरला, दार लिंपलं, संपलं तिचं काम. आणि आमचं? नातसून जेवली का, पाय सुजले का, तोंड का उतरलंय... स्वा. म्हणते, "बघा आजी, शिका काहीतरी तिच्याकडून." हे मात्र झरझर लिहिलंस!

१० एप्रिल
ऊन लई. भिंतीला हात लावू देईना. हिचा नवरा अमोल माळ्यावरनं कूलर काढून घेऊन आला. त्याची जागा तीच खिडकी. "आजे, सरक की. मातीचा गोळा तर हाय."
सरकले न्हाय.
"तुला माशीची काळजी हाय का हिची? उकाड्यानं बी.पी. वाढलं तर?"
नातू खरं बोलला. तरी सरकले न्हाय. कूलर ओसरीत आपटून कामावर गेला. दिवसभर स्वा.ला वारा घातला. हात दुखला.

११ एप्रिल
आज सांगायचंय. मधी थांबू नको, लिहीत राहा.
दोन वर्षांमागं माझा गुडघा सुजला. कुंभारणीच्या घराची माती कालवून लावली की सूज उतरते, आमच्यात सगळ्या लावतात. देव्हाऱ्यामागं एक घर होतं. उलथन्यानं खरवडलं. आतल्या अळ्या केरात गेल्या. घरात पोटुशी असताना ते फोडायचं नसतं. मला ठावं होतं. गुडघा ठणकत होता, ध्यानात राहिलं न्हाय. तिसऱ्या दिवशी तुला दवाखान्यात

१२ एप्रिल
कालचं राहिलं. स्वातीनं पेन ठेवलं न् म्हणाली, "आजी, तुमच्या गुडघ्याला तो लेप मीच लावला होता की."
हे मी साफ विसरले होते.
"आणि लेपाच्या आदल्या दिवशीच डॉक्टर म्हणाल्या होत्या, बाळाचा ठोका लागत नाही. मला खरंच वाटेना. घरात कुणाला बोललेच नाही. तशीच हिंडत होते."
"अगं, मग सांगायचं की!"
"तुमी तरी सांगितलं व्हतं व्हय?"
माझीच बोली माझ्यावर. दोघी रडलो. मग तिलाच आधी हसू आलं.
दोन वर्षं मी त्या उलथन्याला हात लावला न्हाय. भाकरी बोटांनी उलटायची, बोटं भाजायची. मंगलला वाटायचं सासू मिजास दाखवती. आज उलथनं घेतलं. छातीवरचं जातं उतरलं.

१३ एप्रिल
अमोलला म्हणलं, फोड खुशाल, कूलर बसव. तर स्वा. म्हणते, "राहू दे ते." घ्या! शेवटी कूलर पुढच्या दारात लावला. आता सगळ्यांनी मागच्या दारानं, मोरीतनं यायचं-जायचं. मंगल म्हणाली, "माशीला खिडकी, आन् माणसं मोरीतनं!" पण गार वारा लागला तशी तीच आधी येऊन बसली.

९ मे
मधल्या घराला भोक. आतनं पाडलंय, कुणी हात लावला न्हाय. पोर बाहेर येऊन पाय पुसत बसली, मग उडाली. आईला बघितलंसुदिक न्हाय, तरी कंबर तशीच बारीक. मला आपलं वाटायचं, माझ्यावाचून या घरातलं पान हलत न्हाय. हललं की.

१४ मे
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उठा, हिंडा, आता कधीही. स्वा.नं उठून चहा केला. साखर विसरली. तरी मी दोन कप प्याले.
आज स्वा. उभ्यानं लिहितेय, एक हात कमरेवर. दुखतंय का? "जरासं. येतं-जातं." दवाखान्याची पिशवी भरलीय. अमोलला फोन केला, येतोय.
उरलेली दोन घरं अजून बंद हायत. कान लावून बघितलं. एकात काहीतरी कुरतडतंय.
हे कशाला लिहितीस? ठेव ते पेन. ओळी मी नंतर मोजते. ठेव म्हणते ना