पितळी यंत्रापुढे अनुसया

नंदुरबार, ४ फेब्रुवारी १९६२
आज सकाळी अनुसयाने दवाखान्याचं दार उघडलं, त्या क्षणी माझं नशीबच फिरलं. कॉलेज अर्धवट सोडलं म्हणून घरी, ब्राह्मणपुरीत, खाल्लेल्या शिव्या वसूल! ती इथली नर्स, कोरीट गावची. माझं कामही मजेचं. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची जाडी दोन यंत्रांवर मोजायची आणि कुठलं खरं सांगतं ते ठरवायचं. एक नवं, परदेशी. दुसरं पितळी, भाईदास डॉक्टरांनी स्वतः जुळवलेलं. पेशंटने हनुवटी टेकवायची. मी भिंगात दिसणाऱ्या पडद्याच्या दोन प्रतिमा एकमेकींना भिडवायच्या, आकडा वाचायचा. आधी परदेशी, मग पितळी, हा डॉक्टरांचा नियम.

११ फेब्रुवारी
परदेशी यंत्र सगळ्यांचं अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास सांगतं. पितळी कमीच. डॉक्टर म्हणाले, हात कच्चा आहे तुझा, मोतीलाल. डोकंच फिरलं! म्हटलं, एकाच माणसाला रोज पितळीवर मोजून दाखवतो. अनुसयाला बसवलं. तिच्या डोळ्यात इतक्या जवळून बघायला दुसरं निमित्त कुठलं? मोजून झालं तरी माझी नजर निघेना. म्हणाली, "काय देखी ऱ्हायनात, मोतीभाऊ? डोया शे, आरसा नही!" भाऊ म्हणाली, तेवढं लागलं.

१९ फेब्रुवारी
संशय होता, डॉक्टर पितळीच्या स्क्रूशी खेळतात. आज ते शहाद्याला गेले, तेव्हा क्रम उलटा केला. अनुसयाला पितळीवरून उठवून परदेशीवर बसवलं. तेही तितकंच कमी! म्हणजे पितळी खोटं बोलत नव्हतं. मोजता मोजता पडदाच खात होतं. आणि तिला रोज मीच बसवत होतो.

२१ फेब्रुवारी
तिला उजेड टोचतो. सगळं वाकडं दिसतं म्हणते. मला धुकं. परदेशीवर माझा डोळा मोजून घेतला. जाड. तिचं गेलं ते माझ्यावर चढलंय. डॉक्टर स्वतः कधी भिंगामागे बसत नाहीत. माहीत होतं त्यांना —

२३ फेब्रुवारी
डॉक्टरांची गचांडी धरली. म्हणाले, जागा बदला, परत जाईल. हसले का? विश्वास नाही. पण तिचे डोळे —
पितळीवर हनुवटी मी टेकवली. तिने भिंगातून पाहिलं. माझं धुकं गेलं. तिलाही सरळ दिसतंय.

२४ फेब्रुवारी
पुरे म्हटलं. ती भिंगामागून उठत नाही. "आखो एक दाव." अजून एकदा, अजून एकदा. माझा पडदा चढून चढून तिचंच बुबुळ दुधाळ व्हायला लागलंय, तरी — मला ओढत होतं ते प्रेम, की ते यंत्र?
फोडायला गेलो. आडवी आली. चावली.
बाहेर आलोय. दार ओढून घेतलं. बाकावर पेशंट. आतून तिची हाक — "पुढलाले धाडा." एक म्हातारी उठली. मी कडी धरून —