झोपाळू

११ जानेवारी

अंगण मोजलं! नऊ पावलं लांब, पाच रुंद, त्यातलं एक पाऊल पाण्याच्या टाकीने खाल्लेलं. ह्यांच्या टेपने मोजायचं होतं, पण ती नेहमीप्रमाणे "इथेच कुठेतरी" आहे. एकतीस वर्षं पोस्टाच्या काउंटरवर लोकांची पाकिटं तोलली, आता निवृत्तीनंतर स्वतःची बाग. वसंतात फुललेली हवी – आणि ह्याच वसंतात. मला थांबायची सवय नाही. काउंटरच्या आतला माणूस थांबत नसतो, थांबतात ते बाहेरचे.

ताईच्या बाजूची भिंत पुरुषभर उंच आहे. आहे तशीच असू दे.

१३ जानेवारी

नर्सरीवाली बाई भलतीच खमकी. आसपास नर्सरी ही एकच, त्यामुळे तिचंच राज्य. मी फोटोत पाहिलेल्या फुलांची यादी पुढे केली. तिने ती वाचलीसुद्धा नाही, घडी घालून माझ्याच पिशवीत परत ठेवली. "ही सगळी पाहुणी. दोन महिने मिरवतात आणि माना टाकतात. इथल्या मातीतलीच घ्या – वरून वाळतात, मुळातून परत येतात, वर्षानुवर्षं." झुडपंसुद्धा म्हणे पानं गाळणारीच घ्या. आधी अंगभर फुलं, मग पानं.

आणि दाखवलं काय? कुंड्यांमधल्या काटक्या! प्रत्येक काटकीसमोर ती अशी उभी राहायची, जणू नातवंडांची ओळख करून देतेय.

विचारलं, ही मेलेली नाहीत कशावरून? तिने अंगठ्याच्या नखाने एका फांदीची साल जराशी खरवडली. खाली हिरवं. ओलं, कोवळं हिरवं.

मला तिथे उभं राहवेना. "परत येते" म्हटलं आणि निघाले.

१६ जानेवारी

लिहूनच टाकते. इथे कोण वाचतंय!

आईचं झुडूप ह्याच भिंतीच्या पलीकडे होतं, ताईच्या वाटणीच्या अंगणात. सगळ्यात उशिरा फुटायचं म्हणून आई त्याला झोपाळू म्हणायची. सहा वर्षांपूर्वी ऐन हिवाळ्यात आई दवाखान्यात होती. तिच्याजवळ सतत ताईच. मी आपली रविवारी डबा घेऊन जाणार आणि सल्ले देऊन येणार. आई घरी यायच्या आदल्या दिवशी ताईने अंगण झाडून लख्ख केलं. वाळलेलं दिसलं म्हणून झोपाळू मुळासकट काढून टाकला. आईला खिडकीतून छान दिसावं म्हणून!

आल्या आल्या आईने विचारलं, "झोपाळू उठला का ग?"

महिन्याभरात आई गेली. आणि भेटायला आलेल्या माणसांदेखत मी ताईला म्हणाले – तुझा हात लागेल ते मरतं.

पुढच्या आठवड्यात तिने अख्ख्या अंगणात फरशी घालून घेतली. तेव्हापासून आमचं बोलणं म्हणजे "तुमचं पत्र चुकून आमच्याकडे आलंय" एवढंच. मी काय बोलून बसले ते मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. पण माफी मागायला जाववलं नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता सहा वर्षं गेली.

२० जानेवारी

निवड झाली! टाकीच्या सावलीत जाड पानांचं एक – ते म्हणे कशालाच भीत नाही. उन्हाच्या बाजूला निळ्या घंटांचं आणि पिवळ्या बटणांचं. दोन्ही मुळातून परत येणारी. गुडघ्याएवढं गुलाबी झुडूप पायरीशी. आणि भिंतीशी एक मोठं.

मोठ्याचं नाव नर्सरीवालीने काहीतरी लांबलचक सांगितलं. मी कुंडीला बांधलेल्या चिठ्ठीवरचं चित्र बघत होते – पांढरे झुबके, शेंदरी फळं. झोपाळूच. दुसरं काही बघायचं नाटकसुद्धा करता आलं नाही.

"जोडीने न्या," ती म्हणाली. "एकट्याला फुलं येतात, पण फळ धरत नाही. जवळपास दुसरं लागतं. पुढचं मधमाश्या बघून घेतात." दुसऱ्याला जागा आणू कुठून? आईच्या वेळी गल्लीच्या टोकाला एक होतं. तिथे आता गाड्या उभ्या असतात. एकच घेतलं. फळं नकोतच मला.

२१ जानेवारी

लावलं सगळं. कंबर गेली कामातून. हे दारात उभे राहून म्हणतात, "एवढ्या चकरा मारून शेवटी सरपण आणलंस!" ह्यांना हल्ली कमी ऐकू येतं, त्यामुळे ओरडूनच सांगावं लागलं – मेलेलं नाही ते, झोपलंय! झोपाळू आहे, आईचा होता तसा! आणि एकट्याला फळ धरत नाही, तेव्हा पुढे कुरकुर नको!

पलीकडे ताईचा नळ चालू होता. तो बंद झाला.

मी बराच वेळ रिकामी झारी धरून उभी होते. नळ काही परत चालू झाला नाही.

२ फेब्रुवारी

नखाने बघितलं. हिरवं!

३ फेब्रुवारी

हिरवं.

७ फेब्रुवारी

चार ठिकाणी खरवडून झालं. फोनवर कबूल केलं तर नर्सरीवाली खेकसली – "रोज जखम करून विचारायचं का त्याला, जिवंत आहेस का म्हणून? पाणी घाला आणि गप्प बसा!"

गप्प बसते.

२७ मार्च

निळ्या घंटा आठ दिवसांपूर्वीच आल्या. गुलाबी तर फुलून दमलं. आणि आज, सगळ्यांच्या मागून, झोपाळू उठला! पान एक नाही, नुसते पांढरे झुबके. हे चहाचा कप घेऊन त्याच्यासमोर उभे. "सरपण बरं दिसतंय," म्हणाले. मी हसले आणि मग आत जाऊन रडले. आईला सांगावंसं वाटलं. आईला सांगता येत नाही, ताईला सांगता आलं असतं.

२० जून

फळ नाही. एकही नाही. नर्सरीवालीने सांगितलं होतंच. तरी रोज फांद्या वर करकरून बघत होते. फळं नकोत म्हणणारी बाई ती मीच ना?

१२ नोव्हेंबर

पानं गळून गेली. दोन दिवस पलीकडून छिन्नी-हातोड्याचा आवाज येतोय. फरशीखाली पाणी मुरतंय की काय? एकटी काय काय करणार ती, ह्या वयात. विचारायला निघाले, फाटकापर्यंत गेले, परत आले. भित्री कुठली!

३० मार्च

ह्या वर्षी दुप्पट फुलला. मधमाश्या भिंतीवरून सारख्या जा-ये करताहेत. पलीकडे नुसत्या फरशीत त्यांना काय मिळतं कोण जाणे.

५ मे

फळ धरलं! मोजली – एकोणीस. मण्याएवढी, हिरवी, घट्ट देठांची.

नर्सरीवालीला फोन. ती शांतपणे म्हणाली, "म्हणजे जवळपास दुसरं आहे."

स्टूल आणलं. हे खालून ओरडताहेत, "पडशील, ह्या वयात हाडं जुळत नाहीत!" भिंतीवरून वाकून बघितलं.

एक फरशी काढलेली.

६ मे

बेल दाबली. ताईनेच दार उघडलं. सात वर्षं मनात घोळवलेलं वाक्य ऐन वेळी सापडेना. "तेव्हा मी बोलले ते–" एवढंच निघालं, पुढे रडूच. ती म्हणाली, "आत ये. अंगणात ये."

कमरेएवढा झोपाळू, गच्च पानांचा. पानं बाजूला केली तर प्रत्येक फांदीवर नखाच्या खुणा, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत. काही भरून आलेल्या, काही कालपरवाच्या.

फळांनी लगडलेल्या त्या झुडपापाशी, त्याला हात न लावता उभी राहून, ताईने मला विचारलं, "जिवंत आहे ना ग?"