अप्पांचा स्वच्छ टेक

३ सप्टेंबर
जयतीर्थच्या फिल्ममध्ये आजोबा दिसतच नाहीत. रिकाम्या खोल्या आणि त्यांचा आवाज, एवढंच. म्हणजे आजोबा उभे करायचे ते मी, साउंड डिझायनरने. आवाज अप्पांचा, माझ्या वडिलांचा. पुढच्या आठवड्यात त्यांच्या घशाचं ऑपरेशन आहे. स्वरयंत्र काढावं लागेल म्हणतात. डॉक्टर नेहमी वाईटातलं वाईट सांगून ठेवतात. तरी रेकॉर्डिंग उद्याच उरकते.

४ सप्टेंबर
अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून आजोबांचे संवाद वाचायला बसले. अम्मा म्हणाली, आवाज घेणार आहे हो ती, फोटो नव्हे. वाचन रंगलं, तेवढ्यात शेजारची बोअरची मोटर सुरू. टेक पुसला. खराब टेक ठेवायचा नाही, हा माझा नियम. मला अक्षरं अप्पांनीच घरी शिकवली. एक रेघ वाकडी गेली की अख्खी पाटी पुसायला लावत.

६ सप्टेंबर, दुपार
दसऱ्याच्या मिरवणुकीतल्या हत्तींना आवाजाची सवय व्हावी म्हणून तोफांचा सराव. हत्ती बिचकले नसतील एवढी मी बिचकले. पुसलं.
जयतीर्थ फोनवर म्हणाला, असू दे की ग, घरात आवाज असणारच, तेच हवंय मला. त्याला काय कळतंय! दिग्दर्शकांचे कानसुद्धा डोळ्यांतच असतात.

८ सप्टेंबर
पंखा बंद, फ्रिज बंद, अम्माला भांड्याला हात लावायची बंदी. मग आज जेवायला साउंडच वाढते, म्हणाली.
घर अगदी गप्प. पण आता अप्पांचाच श्वास घरघरतो. पुन्हा वाचायला लावलं. साकु का ग, पुरे का, असं त्यांनी दोनदा विचारलं. मग आवाजच बसला. पुसलं.
घाई नको. ऑपरेशननंतर सूज उतरली की निवांत घेऊ.

१० सप्टेंबर
ऑपरेशन उत्तम झालं. जयतीर्थ टेक मागतोय. निवडते आहे, म्हटलं.

२१ सप्टेंबर
अप्पा घरी आले. गळ्याला छिद्र, त्यावर जाळीचं कापड. अम्मा कॉफी विचारते, ते मान हलवतात.
आजोबांसाठी जयतीर्थने कुणी नट बोलावला. चांगला वाचतो. माझ्याकडे उरलाय तो फक्त घराच्या शांततेचा तुकडा. बोलण्याखाली अंथरायला असा घ्यावा लागतो. आठ तारखेला सगळ्यांना गप्प बसवून घेतला होता. एकदम स्वच्छ आलाय. तोच पाठवायला काढला, तर अप्पांनी हात पुढे करून हेडफोन मागून घेतला. आपलं वाचन असेल असं वाटलं त्यांना. डोळे मिटून ऐकत बसले. मग बोटाने खूण केली, आवाज वाढव.
मी वाढवला.