कन्फर्म्ड नव्हे, सस्पेक्टेड

नवागाम, सुरत
२८ ऑगस्ट १९९४

ती. हिलालदादास उज्ज्वलाचा सा. न. वि. वि.

आम्ही दोघं खुशाल आहोत, पण माझं मन थाऱ्यावर नाही. उधन्याच्या एका दवाखान्यात पेशंटची नावं लिहून घ्यायला बाई हवी आहे. थोडं इंग्रजी यायला पाहिजे म्हणाले, दसऱ्यानंतर बोलावतील. बन्सीलाल किराणावाला डाळ-साखर इंग्रजी पेपरात बांधून देतो. डाळ डब्यात गेली की मी कागद सपाट करून वाचायला बसते. काल 'अनरेस्ट' सापडला. रेस्ट ठाऊक होता. आधी 'अन' लागला की विश्रांतीची ही गत होते, ते नव्यानं कळलं.

हे लूमवरून आले की हसतात. म्हणतात, उद्यापासून भाजीवालीशी इंग्रजीतच भाव कर. पण परवा स्वतःच कारखान्यातून जुन्या पेपरांचा गठ्ठा आणला. शब्द रात्री पाठ होतात नि सकाळी पळून जातात. तू मुलांना शिकवतोस, काही उपाय सांग.

मायला नमस्कार. लोभ आहेच, तो असू दे.
तुझी उज्ज्वला

ता. पारोळा, जि. जळगाव
८ सप्टेंबर १९९४

चि. उज्ज्वलास अनेक आशीर्वाद.

सुटे शब्द घोकू नकोस. आख्खं वाक्य घे. आणि एकच बातमी धरून रोज तिच्या मागे जा, म्हणजे तेच शब्द पुन्हा पुन्हा भेटतील आणि ओळखीचे होतील. जावईपाहुण्यांना सांग, इंग्रजीत विचारलं तर भाजीवाली भाव वाढवेल. माय म्हणते, शब्द खाऊन पोट भरत नाही, जेवत जा.

आमची माया आहे तशीच समजावी.
हिलाल

नवागाम
२६ सप्टेंबर १९९४

ती. दादास सा. न.

हे पत्र घेऊन हेच येत आहेत. त्यांनी वाचलं तरी चालेल.

सुरतेत प्लेग आला हे तुम्हाला कळलंच असेल. अर्धी चाळ गावाला गेली. गल्लीतला डॉक्टरही कुलूप लावून गेला. शेजारची सरस्वती तापानं फणफणली आहे. तिचा नवरा निंबा बांधकामावर वापीला, त्याचा पत्ता कोणाकडे नाही. काल चाळीतल्या माणसांनी तिच्या दाराला बाहेरून कडी घातली. दादा, कडी घाला असं पहिल्यांदा म्हणाले ते आमचे हेच.

तू सांगितलंस तशी मी रोज ही एकच बातमी वाचते आहे. सस्पेक्टेड पुष्कळ, कन्फर्म्ड फार थोडे. मी चाळीच्या मधोमध उभी राहून सांगितलं, की सस्पेक्टेड म्हणजे नुसता संशय, आजार नव्हे. त्यावर सगळे म्हणाले, संशय आहे ना, मग झालं तर.

मग मीच कडी काढली आणि आत जाऊन बसले. हे म्हणाले, तिच्यापाशी बसायचं असेल तर बस, मी गाडीला चाललो. म्युनिसिपालिटीची माणसं कॅप्सूल देऊन गेली, उद्या रक्त तपासायला नेणार आहेत. ती खोकली की मी पदर तोंडावर धरते. मी शूर नाही रे, पण आता उठून येताही येत नाही.

रागावू नकोस, आठवण ठेव.
उज्ज्वला

ता. पारोळा
२ ऑक्टोबर १९९४

चि. उज्ज्वलास आशीर्वाद.

पाहुणे पोचले, पण घरी नाही. सुरतेचा माणूस म्हणून गावानं त्यांना वेशीवरच अडवलं. मळ्यातल्या खोपीत ठेवलं आहे. मी मास्तर, गाव माझं ऐकतं असं समजत होतो. गावाचं सोड, मीच भाकरी बांधावर ठेवतो, लांबून हाक मारतो आणि मागे न बघता फिरतो. त्यांना ना ताप, ना खोकला.

काल त्यांनी बांधापलीकडून विचारलं, उज्ज्वला म्हणते तो शब्द कोणता. मी सांगितला. मग त्यांनी विचारलं, असा माणूस किती दिवस सस्पेक्टेड राहतो?

आज संध्याकाळी भाकरी बांधावर ठेवणार नाही. खोपीत त्यांच्यासोबत जेवणार आहे. मायला अजून सांगितलेलं नाही. तू कशी आहेस? दोन ओळी तरी टाक, माय रोज टपालाची वाट बघते.

आम्ही तुझेच आहोत हे विसरू नकोस.
हिलाल

नवागाम
१९ ऑक्टोबर १९९४

ती. दादास व मायला सा. न. वि. वि.

मी धडधाकट आहे. सरस्वतीला मलेरिया निघाला. आता उठून स्वयंपाक करते. निंबा परत आला, तिला बघून दारातच रडला. चाळ भरली आहे. जो तो तिला दुरूनच बरी आहेस ना विचारतो आणि पुढे सरकतो. उधन्याचा दवाखाना उघडला, पण बोलावणं नाही. रात्री झोप अशी लागतच नाही.

काल हे आले. मी नळावर होते. पिशवी खांद्यावर, दाढी वाढलेली. आमचं दार सोडून सरळ सरस्वतीच्या उंबऱ्यावर जाऊन बसले आणि पाणी मागितलं. सवयीनं तिनं पेला लांब जमिनीवर ठेवला नि मागे सरकली. यांनी तो उचलला नाही. नुसता हात पुढे करून बसले. सगळी चाळ बघत होती. बऱ्याच वेळानं तिनं पेला उचलला आणि यांच्या हातात दिला.

मी अजून त्यांच्याशी धड बोललेले नाही. पण रात्री ताट दोघांचं वाढलं.

तुमची माया अशीच पाठीशी राहू द्या.
उज्ज्वला